दुधाची फॅट मिनिटात कळते, मग बी-१२चा रिपोर्ट उद्या का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी दूध संकलन केंद्रावर हेच चित्र दिसतं. शेतकरी कॅन ठेवतो, केंद्रचालक नमुना यंत्राच्या नळीखाली धरतो आणि मिनिटभरात पडद्यावर आकडे येतात: फॅट ३.५, एसएनएफ ८.५. चिठ्ठी निघते, भाव ठरतो. आता समजा, त्याच घरातल्या बाईंच्या हातापायांना महिनोन्महिने मुंग्या येताहेत, थकवा हटत नाही, म्हणून डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितलं. पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतलं जातं, नळी थंड डब्यातून पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबकडे जाते आणि एक-दोन दिवसांनी मोबाइलवर आकडा येतो: १८८. खात्रीसाठी दुसरीकडे तपासलं तर २४६. एक लॅब म्हणते कमी, दुसरी म्हणते ठीक. दुधातला घटक इतक्या झटपट मोजता येतो, मग रक्तातल्या जीवनसत्त्वाला एवढा वेळ का लागतो, आणि एवढं करूनही दोन लॅबचे आकडे जुळत का नाहीत?

उत्तराचा पहिला भाग निव्वळ प्रमाणाचा आहे. ३.५ फॅटच्या लिटरभर दुधात साधारण ३५ ग्रॅम स्निग्धांश असतो. बी-१२चा २०० हा आकडा मात्र पिकोग्रॅममध्ये, तोही एका मिलीलिटरमागे असतो. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन लिटर प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव भाग, असतो. त्या सगळ्या तीन लिटरमधलं बी-१२ एकत्र केलं तरी ते एक मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. दुधातल्या फॅटपेक्षा हे प्रमाण सुमारे साडेसतरा कोटी पटीने कमी आहे.

भरीस भर म्हणजे हे इवलंसं द्रव्य रक्तात मोकळं फिरत नाही. त्याला वाहून नेणारी प्रथिनं असतात आणि ते त्यांना घट्ट चिकटलेलं असतं. भोवती अल्ब्युमिन, मीठ, साखर, कोलेस्टेरॉल या सगळ्यांची गर्दी. त्यामुळे जीवनसत्त्व थेट मोजायचा मार्ग जवळजवळ नाहीच. प्रयोगशाळा त्याला काहीतरी काम देते, त्या कामाचा परिणाम मोजते आणि त्यावरून मूळ प्रमाणाचा हिशेब मांडते. काम वेगळं दिलं की आकडाही थोडा वेगळा येतो. रिपोर्टवरच्या आकड्याला पद्धतीशिवाय अर्थ नाही, हे माझं ठाम मत आहे. म्हणून त्या पद्धती एकेक करून पाहू.

जिवाणू किती वाढले, त्यावरून

सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात सुंदर वाटणारी पद्धत जिवाणूंची आहे. लॅक्टोबॅसिलस या कुळातले काही जिवाणू स्वतः बी-१२ तयार करू शकत नाहीत. ते आयतं मिळालं तरच वाढतात. हे कुळ आपल्या ओळखीचं आहे, कारण दही लावणारे जिवाणूही याच गोतावळ्यातले.

प्रयोगशाळेत या जिवाणूंसाठी खाद्य-द्रावण बनवतात. त्यात साखर, अमिनो आम्लं, क्षार, इतर जीवनसत्त्वं सगळं भरपूर असतं. फक्त बी-१२ अजिबात नसतं. आता त्यात रुग्णाचं थोडं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, घालायचं. त्याआधी सीरम आम्लधर्मी द्रावणात, सायनाइडचा अत्यल्प अंश घालून, तापवतात. तापवल्याने वाहक प्रथिनं फाटतात आणि बी-१२ सुटं होतं. सायनाइडमुळे ते टिकाऊ रूपात येतं. मग ३७ अंशांवर सुमारे दोन दिवस उबवायचं. सीरममध्ये बी-१२ जितकं, तितकेच जिवाणू वाढतात आणि द्रावण तेवढंच गढूळ होतं. त्यातून प्रकाश सोडला की किती अडला हे मोजता येतं. शेजारी ज्ञात प्रमाणाचं बी-१२ घातलेल्या वाट्या ठेवलेल्या असतात. त्यांच्याशी ताडून रुग्णाचा आकडा काढतात.

या पद्धतीमागचा इतिहास मोठा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पर्निशस ॲनिमिया या जीवघेण्या रक्तक्षयावर यकृताचा अर्क देत. पण अर्काची एखादी खेप चांगली की निकामी, हे रुग्णाला देऊन पाहिल्याशिवाय कळत नसे. अमेरिकेतल्या मेरी शॉर्ब यांच्या लक्षात आलं, की लॅक्टोबॅसिलस लॅक्टिस डॉर्नर या जिवाणूला वाढीसाठी यकृताच्या अर्कातलं काहीतरी लागतं, आणि अर्क जितका गुणकारी तितकी त्याची वाढ जास्त. या चाचणीमुळे रुग्णांऐवजी जिवाणूंवर खेपा तपासता येऊ लागल्या आणि १९४८मध्ये मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बी-१२चे लाल स्फटिक वेगळे केले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ग्लॅक्सोच्या लेस्टर स्मिथ यांनाही हे साधलं. आधी मोजायची रीत सापडली, मग जीवनसत्त्व हाती लागलं.

फोलेटची सुरुवात तर मुंबईत झाली. लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८मध्ये इथे आल्या. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायकांचा एक विशिष्ट रक्तक्षय यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बरा होतो हे त्यांनी १९३१मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय काम करतं, हे तेव्हा ना ओळखता येत होतं, ना मोजता. पुढे त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं आणि त्याच्या मोजणीसाठीही लॅक्टोबॅसिलस केसाय हा त्याच कुळातला जिवाणू कामी आला.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गर्भवतींच्या अभ्यासात बी-१२ आणि फोलेट याच जिवाणू-पद्धतीने मोजलं. त्यात एक युक्ती आहे. बी-१२साठी वापरलेला जिवाणू कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा, फोलेटसाठीचा क्लोरॅम्फेनिकॉलला. द्रावणात ते प्रतिजैविक घातलं की हवेतून आलेले आगंतुक जिवाणू मरतात आणि आपला तेवढा वाढतो. पण रुग्णच दुसरं एखादं प्रतिजैविक घेत असेल तर त्याच्या रक्तातला अंश आपल्या जिवाणूलाही दाबतो आणि आकडा खोटाच कमी येतो.

बी-१२ मुळात जिवाणूच तयार करतात. वनस्पतींना ते येत नाही. म्हणून बाजरीची भाकरी, पिठलं, मेथी, शेंगदाण्याची चटणी यांत ते नाही. गायीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू ते बनवतात, तिथून ते दुधात उतरतं. लिटरभर गायीच्या दुधात सुमारे ४ मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं. शाकाहारी घराला हाच मोठा आधार. ज्या घरातून बहुतेक दूध डेअरीवर जातं आणि चहापुरतं मागे राहतं, तिथे हा आधारही तुटपुंजा होतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

एसटीतल्या पिवळ्या टोप्या

जिवाणूंची पद्धत नेमकी असली तरी संथ आहे. दिवसाला हजारो नळ्या येणाऱ्या लॅबला ती परवडत नाही. तिथली स्वयंचलित यंत्रं वेगळ्या तत्त्वावर चालतात. रिपोर्टवर ‘सीएलआयए’ किंवा ‘ईसीएलआयए’ असं लिहिलेलं असतं ती हीच.

कल्पना करा, शेवगावच्या स्टँडवर नगरला जाणारी ४० आसनांची एसटी लागली आहे. स्टँडवर किती प्रवासी उभे आहेत हे आपल्याला दिसत नाही, पण मोजायचं तर आहे. आपण त्या गर्दीत पिवळ्या टोप्या घातलेली १०० माणसं सोडतो. सगळे एकदमच चढायला धडपडतात. ज्याला जागा मिळाली तो बसला. गाडी सुटल्यावर आत फक्त पिवळ्या टोप्या मोजायच्या. चाळीसही आसनांवर टोप्या असतील तर स्टँडवर दुसरं कुणी नव्हतंच. वीसच टोप्या दिसल्या, तर बिनटोपीचे प्रवासीही शंभराच्या आसपास असणार. टोप्या जितक्या कमी, तितके साधे प्रवासी जास्त.

यंत्रात आसनं म्हणजे बी-१२ पकडणारं प्रथिन. इथे बहुधा तेच प्रथिन वापरतात जे आपलं जठर बी-१२ शोषण्यासाठी स्रवतं. त्याला इंट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात. पिवळ्या टोप्या म्हणजे प्रकाश देणारं लेबल लावलेलं बी-१२. साधे प्रवासी म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं बी-१२. शेवटी जो उजेड निघतो तो मोजायचा: उजेड कमी तर जीवनसत्त्व जास्त, उजेड जास्त तर जीवनसत्त्व कमी. सगळं काम तासाच्या आत उरकतं. या कल्पनेचं मूळ रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्या कामात आहे. त्यांनी लेबल म्हणून किरणोत्सर्गी अणू वापरले होते. यालो यांना त्यासाठी १९७७मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

या पद्धतीत चूक शिरते ती आसनावर भलताच कुणी बसला तर. १९७८मध्ये अमेरिकेतले फ्रेड कोलहाउस, रॉबर्ट ॲलन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की तेव्हाच्या अनेक किटमधलं पकडणारं प्रथिन शुद्ध नव्हतं. त्यात मिसळलेलं दुसरं एक प्रथिन बी-१२सारखी दिसणारी पण शरीराला निरुपयोगी द्रव्यंही पकडत होतं. परिणामी खरोखर कमतरता असलेल्या रुग्णांचे रिपोर्ट नॉर्मल येत होते. त्यानंतर प्रथिनाची शुद्धता काटेकोर झाली. पर्निशस ॲनिमियाच्या काही रुग्णांच्या रक्तात इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडं असतात. ती आसनंच अडवतात आणि आजही अधूनमधून असा खोटा नॉर्मल रिपोर्ट येतो. ज्याला बी-१२ची सर्वांत जास्त गरज, त्याचाच आकडा चांगला दिसतो.

दुसरा धोका घराघरांत पोचला आहे: केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या. कित्येक यंत्रांत पकडलेली जोडी पृष्ठभागाला चिकटवण्यासाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हा डिंक वापरलेला असतो. शरीराला बायोटिन रोज काही मायक्रोग्रॅम पुरतं. गोळीत ते अनेकदा १० मिलिग्रॅम असतं. रक्तातलं हे जादा बायोटिन डिंकाच्या जागा अडवतं, लेबलवाली जोडी धुतली जाते आणि उजेड घटतो. उजेड घटला म्हणजे जीवनसत्त्व जास्त, असा यंत्राचा हिशेब. म्हणून बी-१२ आणि डी दोन्ही प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०१७मध्ये जाहीर इशारा दिला होता. रक्त देताना ‘बायोटिन चालू आहे’ एवढं सांगणं रुग्णाच्या हातात आहे.

चौकट: रिपोर्ट हातात आल्यावर

- आकड्याशेजारचं एकक आधी पाहा. बी-१२चे १५० पिकोमोल प्रतिलिटर म्हणजे सुमारे २०३ पिकोग्रॅम प्रतिमिलीलिटर. डी जीवनसत्त्वाचे २० नॅनोग्रॅम प्रतिमिलीलिटर म्हणजे ५० नॅनोमोल प्रतिलिटर.
- पद्धतीचं नाव वाचा. आधीच्या रिपोर्टशी तुलना करायची तर लॅब आणि पद्धत शक्यतो तीच ठेवा.
- बायोटिन, प्रतिजैविकं, नुकतंच घेतलेलं बी-१२चं इंजेक्शन: हे रक्त देण्याआधी सांगा.
- आकडा नॉर्मल पण मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा कायम असेल, तर तेवढ्या आकड्यावर विसंबू नका. डॉक्टरांशी पुन्हा बोला.

‘डी’ आणि रेणूचं वजन

डी जीवनसत्त्वाची तऱ्हा निराळी. ते त्वचेत उन्हाने बनतं, यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी रूप घेतं आणि मूत्रपिंडात शेवटचं कार्यक्षम रूप घेतं. साठा तपासायचा तर यकृतातलं रूप मोजायचं, कारण ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं. कार्यक्षम रूप काही तासांतच निम्मं होतं आणि कमतरतेतही शरीर ते रेटून नॉर्मल ठेवतं. तरीही ‘कार्यक्षम’ या शब्दाला भुलून तीच महागडी तपासणी करून घेणारे आहेत.

डीचीही तपासणी बहुतेक ठिकाणी आसन-पद्धतीनेच होते. अडचण अशी की डी-२ आणि डी-३ हे दोन भाऊ दिसायला जवळजवळ सारखे. इथे आसन म्हणून वापरलेली काही प्रतिपिंडं डी-२ला नीट पकडत नाहीत. शिवाय डी आपल्या वाहक प्रथिनाला इतकं घट्ट धरून असतं, की ते पूर्ण सुटलं नाही तर आकडा घसरतो. जिथे अचूकता सर्वांत महत्त्वाची, तिथे वस्तुमानमापी यंत्र वापरतात. रिपोर्टवर ‘एलसी-एमएस/एमएस’ असं लिहितात.

इथे रेणू वजनावरून ओळखला जातो. सीरममध्ये द्रावक घालून प्रथिनं खाली बसवतात. वरचा द्रव एका बारीक नळीतून ढकलतात, तिथे वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडलेल्या रेणूला विद्युतभार देऊन विद्युतक्षेत्रात सोडतात; ठरावीक वजनाचेच रेणू पुढे जातात. मग त्यांचे मुद्दाम तुकडे करतात आणि अपेक्षित वजनाचा तुकडा मिळाला तरच तो मोजतात. २५-हायड्रॉक्सी डी-३चं रेणूवजन सुमारे ४०१ आणि डी-२चं ४१३. फरक बाराचाच, पण यंत्राला तेवढा पुरतो.

यातली सर्वांत हुशार गोष्ट सुरुवातीलाच केलेली असते. सीरम हाताळण्याआधी त्यात जड हायड्रोजनने बनवलेलं डी अगदी ठरावीक प्रमाणात मिसळतात. गुणांनी ते हुबेहूब तेच, फक्त थोडं जड. गाळताना, ओतताना दहा टक्के डी वाया गेलं, तर जड जुळंही दहा टक्केच वाया जातं. शेवटी दोघांचं गुणोत्तर घेतलं की वाटेतल्या सगळ्या गळतीचा हिशेब आपोआप सुटतो.

दोन लॅबमधली तफावत कमी करायला जगभर प्रयत्न चालू आहेत. ब्रिटनमधली डेक्वास ही योजना १९८९पासून एकच सीरम अनेक देशांतल्या लॅबना पाठवते आणि त्यांचे आकडे ताडून पाहते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००९मध्ये डीसाठी प्रमाण सीरम उपलब्ध केलं. आपल्याकडे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज लॅबसाठी अशी बाह्य गुणवत्ता तपासणी चालवतं. तुमची लॅब अशा योजनेत आहे का, हा प्रश्न विचारायला संकोच नको.

नळीचा प्रवास

यंत्र कितीही उत्तम असलं तरी रक्त वाटेतच बिघडलं तर सगळं वाया. अ जीवनसत्त्वाचं रूप असलेलं रेटिनॉल प्रकाशाने नासतं, म्हणून नळी झाकून न्यावी लागते. सी तर काही तासांत उडून जातं; ताबडतोब आम्ल घालून गोठवलं तरच टिकतं. तांबड्या पेशींमध्ये फोलेट सीरमच्या अनेक पट असतं, त्यामुळे नळी आपटून पेशी फुटल्या की सीरमचं फोलेट उगाच वाढतं. चैत्र-वैशाखात अकोल्याहून किंवा जामखेडहून निघालेल्या नळीसाठी सेंटरवरच सेंट्रीफ्यूज फिरवून सीरम वेगळं करणं आणि डब्यातला बर्फ टिकवणं, ही कामं पुढच्या यंत्राइतकीच मोलाची आहेत. ती करणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव रिपोर्टवर कधी येत नाही.

ताप किंवा जंतुसंसर्ग असताना रेटिनॉल रक्तात तात्पुरतं घटतं. आजारी मुलाचं रक्त तपासून अ जीवनसत्त्वाची कमतरता ठरवली तर ती फसवी असू शकते.

पेशींना पुरतंय का?

इथवरच्या सगळ्या पद्धती रक्तात किती आहे ते सांगतात. पेशींना पुरतंय का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर अडलेल्या कामावरून मिळतं. बी-१२ शरीरात दोन रासायनिक क्रियांना मदत करतं. ते कमी पडलं की पहिलीत होमोसिस्टीन साचतं आणि दुसरीत मिथिलमॅलोनिक आम्ल, म्हणजे एमएमए. होमोसिस्टीन फोलेटच्या अभावीही वाढतं. एमएमए मुख्यतः बी-१२कडेच बोट दाखवतं, मात्र मूत्रपिंड अधू असेल तर दोन्ही चढतात. होमोसिस्टीनसाठी घेतलेलं रक्त तसंच ठेवलं तर तांबड्या पेशी ते सोडत राहतात आणि आकडा दर तासाला चढतो. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवून प्लाझ्मा वेगळा करतात.

नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सम आणि याज्ञिक यांच्या गटाने पुण्यातल्या २०४ प्रौढांवर केलेला अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त बी-१२च्या आकड्यावर पाहिलं तर ४७ टक्के लोकांत कमतरता होती. एमएमए पाहिलं तर ते ७३ टक्क्यांत वाढलेलं निघालं. माणसं तीच, रक्त तेच. कामाचा हिशेब घेतल्यावर समस्या कितीतरी मोठी दिसली.

त्याच गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला होता. साठवून ठेवलेल्या त्यांच्या रक्ताचे निष्कर्ष २००८मध्ये आले. दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी, ९० टक्क्यांत एमएमए वाढलेलं, आणि तांबड्या पेशींतलं फोलेट कमी असलेली माता फक्त एक. तांबडी पेशी मज्जेत घडताना फोलेट घेते आणि सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यातलं फोलेट गेल्या काही महिन्यांचा आहार सांगतं, सीरमसारखं कालच्या जेवणाचं नाही. या मातांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं दिसलं, की ज्यांच्या आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. गरोदरपणी लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या घराघरांत पोचतात. बी-१२ त्या गोळीत नसतं. ही दरी नुसती नजरेने दिसली नसती.

यातूनच २०१२मध्ये ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. त्या मातांच्या तोवर किशोरवयात आलेल्या मुलामुलींपैकी ५५७ जण त्यात सामील झाले. गोळीतलं बी-१२ फक्त २ मायक्रोग्रॅम, रोज; काहींना नुसतं, काहींना इतर सूक्ष्म पोषक द्रव्यांसोबत, आणि तुलनेसाठी काहींना बी-१२शिवायची गोळी. पुढे त्यांची लग्नं झाली, मुली गरोदर राहिल्या, आणि जन्मणाऱ्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात बी-१२ किती उतरलं आहे, हे संशोधकांनी मोजलं.